ध्रुवित प्रकाशाने पारदर्शक वस्तूंमधला ताण मोजताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

दोन पोलरायझर फिल्मच्या (एकाच दिशेत कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित, प्रकाश पुढे जाऊ देणाऱ्या) मध्ये प्लास्टिकची पट्टी धरली की रंगीत पट्टे उमटतात आणि बहुतेक जण तिथेच निष्कर्षावर उडी मारतात: रंग भडक तिथे ताण जास्त, काळं दिसतं तिथे ताण नाही. दोन्ही विधानं चुकीची आहेत. नुसतं बघायचं असेल तर फारसं बिघडत नाही, पण त्यावरून आकडा काढून कुणी काच पास किंवा नापास करणार असेल, तर बिघडतं. हा लेख आकडा काढणाऱ्यांसाठी आहे.

शब्दांचा घोळ नको म्हणून आधीच सांगतो. या लेखात ‘ताण’ म्हणजे स्ट्रेस, कोणत्याही प्रकारचा. खेचणारा ताण असेल तर ‘ओढ’ आणि दाबणारा असेल तर ‘दाब’.

## आधी एवढं पक्कं करा: आपण मोजतो काय

ताणाखाली असलेल्या पारदर्शक पदार्थात प्रकाशाचे दोन घटक वेगवेगळ्या वेगाने जातात. बाहेर पडताना एक घटक दुसऱ्याच्या मागे पडलेला असतो. हे मागे पडणं म्हणजे रिटार्डेशन, आणि ते नॅनोमीटरमध्ये मोजतात. सगळा हिशेब एका ओळीत मावतो:

रिटार्डेशन = ताण-प्रकाश स्थिरांक × प्रकाशाने कापलेली जाडी × (मोठा मुख्य ताण − लहान मुख्य ताण)

मुख्य ताण म्हणजे एका बिंदूवर एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन दिशांमधले सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान ताण. कंसातली वजाबाकी पुन्हा वाचा. पोलारिस्कोप, म्हणजे दोन पोलरायझरच्या मध्ये नमुना ठेवून बघायची मांडणी, ताण दाखवत नाही, दोन मुख्य ताणांमधला फरक दाखवतो. शिवाय तो फरक प्रकाशाच्या संपूर्ण वाटेवर जमा झालेला असतो. यातून तीन गोष्टी निघतात आणि पुढच्या बहुतेक चुका यांच्याच विसरण्यातून होतात.

एक, दोन्ही दिशांना सारखाच ताण असेल तर तो कितीही मोठा असला तरी तो भाग काळाच दिसेल. दोन, जाडीच्या एका थरात दाब आणि दुसऱ्यात तितकीच ओढ असेल तर दोन्ही एकमेकांना खोडतात आणि तरीही काळंच दिसतं. तीन, मोकळ्या कडेवर मात्र कडेला लंब दिशेचा ताण शून्य असतो, म्हणून तिथे मिळणारा फरक हाच कडेच्या दिशेचा खरा ताण असतो. शक्य असेल तेव्हा माप कडेवरच घ्यावं, ते याचसाठी.

## टप्पा १: पदार्थ ओळखा, मग पद्धत ठरवा

स्थिरांकाचं एकक ब्रूस्टर. कामाच्या भाषेत १ ब्रूस्टर म्हणजे १ मेगापास्कल फरकाला, १ मिलिमीटर जाडीमागे, १ नॅनोमीटर रिटार्डेशन. नेहमीच्या सोडा-लाइम काचेचा स्थिरांक साधारण २.६, बोरोसिलिकेट काचेचा ४ च्या आसपास, फ्यूज्ड सिलिकाचा ३.५ च्या आसपास, तर पॉलिकार्बोनेटचा ८० च्या घरात.

याचा प्रत्यक्ष अर्थ बघा. ५ मिलिमीटर जाडी आणि ५ मेगापास्कल फरक धरला तर पॉलिकार्बोनेटमध्ये २००० नॅनोमीटर रिटार्डेशन येतं, म्हणजे हिरव्या प्रकाशात साडेतीनहून जास्त पट्टे (एका तरंगलांबीएवढ्या रिटार्डेशनमागे एक पट्टा). तेवढ्याच जाडीच्या आणि तेवढ्याच ताणाच्या सोडा-लाइम काचेत येतात फक्त ६५ नॅनोमीटर. रंग सोडाच, जेमतेम करडी झाक दिसते.

म्हणून पॉलिकार्बोनेट किंवा इपॉक्सीच्या नमुन्यात पट्टे मोजायचे आणि उरलेला अपूर्णांक काढायचा. काचेत पट्टे मोजायला बसण्यात अर्थ नाही, तिथे थेट कॉम्पेन्सेशनने (ॲनालायझर फिरवून रिटार्डेशनची भरपाई करून, टप्पा ६) नॅनोमीटर मोजायचे. ॲक्रिलिक स्थिरांकाच्या आकाराने काचेच्या जवळ आहे, पण त्याचं चिन्ह काचेच्या उलट असतं. हे टप्पा ७ मध्ये कामाला येईल.

## टप्पा २: मांडणी

क्रम असा: प्रकाशाचा स्रोत, त्यापुढे पसरट उजेड देणारी दुधी पाटी, पोलरायझर, नमुना, ॲनालायझर आणि डोळा किंवा कॅमेरा. ॲनालायझर म्हणजे दुसरा पोलरायझरच, पण तो अंश वाचता येतील अशा फिरत्या चौकटीत हवा. एक अंशापर्यंत वाचता आलं तर काम चालतं, अर्ध्या अंशापर्यंत आलं तर उत्तम. कोनमापक हाताने धरून अंश वाचायचे असतील तर काचेची मापं घेऊच नका.

प्रकाश दोन प्रकारचा लागतो. पट्ट्यांचा क्रम ओळखायला पांढरा आणि आकडा घ्यायला एकरंगी. एकरंगीसाठी सोडियम दिवा (५८९ नॅनोमीटर) किंवा ५४६ नॅनोमीटरचा अरुंद फिल्टर चालतो. ‘हिरवा एलईडी’ म्हणजे एकरंगी प्रकाश नव्हे. त्याचा वर्णपट रुंद असतो, त्याच्यापुढे फिल्टर लागतोच.

कॉम्प्युटरचा एलसीडी पडदा पांढरा करून स्रोत म्हणून वापरता येतो, कारण त्यातून बाहेर येणारा प्रकाश आधीच ध्रुवित असतो. त्यापुढे वेगळा पोलरायझर लावायचा नाही, लावला तर ध्रुवणाची दिशा कोणाच्या हिशेबाची हा गोंधळ होतो. पडद्याची ध्रुवण-दिशा उभी, आडवी की तिरपी हे मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून ती ॲनालायझर फिरवून शोधा आणि टेपवर खूण करून ठेवा. मात्र पडद्याचा प्रकाश लाल-हिरव्या-निळ्याचं मिश्रण असल्यामुळे खालच्या रंगक्रमाशी तो तंतोतंत जुळणार नाही.

इशारा: कॅमेऱ्याचा सीपीएल (वर्तुळाकार ध्रुवणाचा) फिल्टर. त्याच्या पाठीला क्वार्टर-वेव्ह प्लेट (पाव तरंगलांबीचं रिटार्डेशन देणारी पातळ फिल्म) चिकटवलेली असते. सरळ बाजूने वापरला तर तो साध्या पोलरायझरसारखा वागतो, उलटा धरला तर नाही. एलसीडी पडद्यासमोर धरून फिरवा. एका बाजूने पडदा पूर्ण काळा होतो. दुसऱ्या बाजूने काळा होत नाही, फक्त छटा थोडी बदलते. ज्या बाजूने काळा झाला, त्या वेळी पडद्याकडे असलेली बाजू नमुन्याकडे ठेवा. सिनेमाच्या थ्रीडी चष्म्याच्या फिल्मलाही ही चाचणी लागू आहे.

तपासणी: नमुना न ठेवता ॲनालायझर फिरवा आणि सगळ्यात जास्त अंधार होतो ती जागा शोधा. हा तुमचा शून्य अंश. आता पूर्ण क्षेत्र बघा. कुठे करडे ढग, तिरपे पट्टे किंवा एका कोपऱ्यात उजेड दिसला तर फिल्म दबलेली आहे किंवा मध्ये ठेवलेली काच स्वतःच ताणाखाली आहे. नमुना ठेवायला काचेची पाटी वापरणाऱ्यांनी ही तपासणी पाटीसकट करावी. पुष्कळदा मोजलेला ताण नमुन्याचा नसून पाटीचा असतो.

## टप्पा ३: नमुन्याची तयारी

संरक्षक फिल्म, स्टिकर, पारदर्शक टेप हे सगळं काढा. या फिल्म ओढून बनवलेल्या असतात आणि त्यांचं स्वतःचं रिटार्डेशन काचेतल्या ताणापेक्षा कितीतरी मोठं असतं. ॲक्रिलिकच्या पत्र्यावरची पातळ पारदर्शक फिल्म नजरेला येत नाही, नखाने कोपरा खरवडून बघा.

काच पाण्याने आणि साबणाने धुवा. प्लास्टिकला ॲसिटोन लावू नका. पॉलिकार्बोनेट त्याने पांढुरकं होतं आणि ताणाखालच्या जागी बारीक चिरा पडतात. ताणाखाली असलेल्या ॲक्रिलिकला अल्कोहोलसुद्धा हेच करतं. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरे.

नमुना खोलीच्या तापमानाला येऊ द्या. याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. जाड काचेचा ठोकळा पोलारिस्कोपमध्ये ठेवा आणि कडेवर बोट टेकवून काही सेकंद धरा. बोट उचलल्यावर तिथे उजळ डाग दिसेल आणि तो हळूहळू विरेल. बोटाच्या उबेने आलेला हा ताण ॲनीलिंग (सावकाश थंड करून ताण घालवणं) नीट झालेल्या काचेतल्या उरलेल्या ताणाच्या तोडीचा असू शकतो. म्हणून नमुना हातमोजे घालून, कडांनी धरा आणि ठेवल्यानंतर चित्र स्थिर होईपर्यंत थांबा. दोन मिनिटांच्या अंतराने घेतलेली दोन वाचनं जुळली नाहीत तर अजून थांबा.

नमुना कापून बनवायचा असेल तर धारदार कटर, हळू फीड आणि भरपूर थंडावा ठेवा. कापताना तापलेली कड स्वतःचा ताण घेऊन बसते. इपॉक्सीत आणखी एक भानगड आहे. ताजी कापलेली कड हवेतली आर्द्रता शोषते आणि काही काळाने कडेला समांतर पट्टे आपोआप उमटतात. त्यांचा भाराशी काही संबंध नसतो. इपॉक्सीचा नमुना कापला की शक्यतो त्याच दिवशी मोजा.

बाटली, नळी, भिंग अशा वक्र वस्तूंमध्ये प्रकाश वाकून जातो आणि वाटेची लांबी कळेनाशी होते. त्यावर उपाय म्हणजे वस्तू सपाट भिंतींच्या टाकीत, सारख्या अपवर्तनांकाच्या द्रवात बुडवणं. बोरोसिलिकेटला (१.४७) ग्लिसरीन छान जुळतं. सोडा-लाइमला (सुमारे १.५२) सूक्ष्मदर्शकाचं इमर्शन तेल जवळ जातं. वस्तूची कड द्रवात दिसेनाशी झाली की जुळलं समजा. टाकीच्या भिंतीही टप्पा २ च्या तपासणीतून गेल्या पाहिजेत.

शेवटी जाडी. व्हर्निअरने, ज्या जागी ताण मोजणार त्याच जागी आणि प्रकाश ज्या दिशेने जाणार त्याच दिशेने मोजा. पत्रा कडेकडून बघताय तर ‘जाडी’ म्हणजे पत्र्याची जाडी नव्हे, प्रकाशाने कापलेली रुंदी. परावर्तन पोलारिस्कोपमध्ये प्रकाश नमुन्यातून जाऊन परावर्तित होऊन परत येतो, म्हणजे दोनदा जातो, तिथे जाडी दुप्पट धरा.

## टप्पा ४: मुख्य ताणांची दिशा

पोलरायझर आणि ॲनालायझर काटकोनात ठेवा, मध्ये दुसरं काही नको. आता दिसणाऱ्या काळ्या रेषा दोन वेगवेगळ्या कारणांच्या असतात आणि नवशिक्या माणूस इथेच अडतो. एक कारण म्हणजे तिथे फरक खरोखर शून्य आहे. दुसरं म्हणजे तिथल्या मुख्य ताणाची दिशा पोलरायझरच्या दिशेशी जुळली आहे. या दुसऱ्या रेषेला आयसोक्लिनिक म्हणतात आणि ती ताण किती याबद्दल काहीच सांगत नाही.

वेगळं करायची युक्ती सोपी आहे. पोलरायझर आणि ॲनालायझर एकमेकांशी काटकोनात ठेवूनच, दोन्ही एकदम फिरवा. सरकते ती आयसोक्लिनिक, जागची हलत नाही ती शून्य फरकाची जागा.

तुमच्या बिंदूवर आयसोक्लिनिक आली की तो कोन लिहून घ्या. तीच तिथल्या मुख्य ताणाची दिशा. ॲनालायझर स्थिर ठेवून नमुना फिरवायचा असेल तर तेही चालेल, फक्त फिरवताना बिंदू मध्यातून हलता कामा नये.

## टप्पा ५: पट्ट्यांचा क्रम

पट्टे मोजताना आयसोक्लिनिक अडथळा ठरतात. त्या घालवायला नमुन्याच्या दोन्ही बाजूंना एकेक क्वार्टर-वेव्ह प्लेट ४५ अंशात, एकमेकींशी काटकोनात लावा. नमुना नसताना क्षेत्र काळंच राहिलं पाहिजे. आता उरतात फक्त ताणाच्या फरकाचे पट्टे.

मोजणी शून्यापासून सुरू होते आणि शून्य शोधायला पांढराच प्रकाश हवा. एकरंगी प्रकाशात पहिला, दुसरा, तिसरा सगळे पट्टे सारखेच काळे दिसतात. पांढऱ्यात फक्त शून्याचा पट्टा काळा, बाकी रंगीत. बाहेर आलेला मोकळा काटकोनी कोपरा असेल तर तिथे ताण शून्य असतो. मोजणी तिथून सुरू करा.

शून्याकडून वर जाताना रंगांचा क्रम साधारण असा:

- काळा: ०
- करडा: सुमारे १६० नॅनोमीटर
- पांढरा: २६०
- फिकट पिवळा: ३४५
- नारिंगी: ४६०
- मंद लाल: ५२०
- जांभळा, लाल आणि निळ्याच्या सीमेवर: ५७५ च्या आसपास (पहिला पूर्ण पट्टा)
- निळसर हिरवा: ७००
- हिरवट पिवळा: ८००
- गुलाबी लाल: १०५०
- लाल आणि हिरव्याची सीमा: ११५० (दुसरा पूर्ण पट्टा)
- हिरवा: १३५०
- लाल आणि हिरव्याची सीमा: १७३० (तिसरा)

पट्टा म्हणजे रंग नव्हे, रंगांमधली सीमा. लालाच्या मध्यावर बोट ठेवून ‘हा एक’ म्हटलं की सगळी मोजणी घसरते. आणि रंगाचा भडकपणा ताणाचं माप नाही, हे या क्रमातच दिसतं: ताण वाढत जातो तसे रंग फिके होतात. चौथ्या-पाचव्या पट्ट्यापुढे फिकट गुलाबी आणि फिकट हिरवा एवढंच आलटून-पालटून उरतं. त्यापुढे एकरंगी प्रकाशातच मोजावं लागतं.

तपासणी: एका दिशेने जाताना क्रम पिवळा, लाल, हिरवा असा येत असेल तर संख्या वाढते आहे. पिवळा, हिरवा, लाल असा उलटा येत असेल तर कमी होते आहे. मध्येच उलटला तर तिथे शिखर किंवा दरी आहे. तो पट्टा दोनदा मोजू नका.

## टप्पा ६: अपूर्णांक, म्हणजे खरं मोजमाप

तुमचा बिंदू बरोबर पट्ट्यावर क्वचितच असतो. काचेत तर पहिला पट्टासुद्धा येत नाही. इथे दोन पद्धती कामाच्या आहेत.

काचेसाठी, सेनार्मों पद्धत. क्रम बदलू नका.

१. पोलरायझर-ॲनालायझर काटकोनात. नमुना फिरवून तुमचा बिंदू सगळ्यात काळा करा.

२. तिथून नमुना बरोबर ४५ अंश फिरवा. आता तोच बिंदू सगळ्यात उजळ दिसतो.

३. नमुना बाजूला काढा. ॲनालायझरच्या आधी एकच क्वार्टर-वेव्ह प्लेट ठेवा आणि क्षेत्र पुन्हा पूर्ण काळं होईपर्यंत ती फिरवा. म्हणजे तिचा अक्ष पोलरायझरला समांतर झाला.

४. नमुना ४५ अंशांच्या त्याच स्थितीत परत ठेवा. प्रकाश एकरंगी करा, आणि तो प्लेट ज्या तरंगलांबीसाठी बनवली आहे तोच हवा.

५. फक्त ॲनालायझर फिरवून बिंदू काळा करा. शून्यापासून फिरलेले अंश वाचा.

रिटार्डेशन = अंश × तरंगलांबी ÷ १८०. म्हणजे ५४६ नॅनोमीटरला एका अंशामागे ३.०३ नॅनोमीटर, ५८९ ला ३.२७.

पाचव्या पायरीवर जरा रेंगाळा, कारण आकड्याची गुणवत्ता इथेच ठरते. ‘सगळ्यात काळं’ ही जागा सपाट असते. चार-पाच अंश इकडेतिकडे केलं तरी डोळ्याला फरक कळत नाही. म्हणून थेट अंधाराचा तळ शोधू नका. डावीकडे फिरवत बिंदू नुकताच उजळायला लागतो तिथले अंश लिहा, उजवीकडे तितकाच उजळतो तिथले अंश लिहा आणि दोन्हींची सरासरी घ्या. खोली अंधारी ठेवा, बिंदूभोवतीचा उजळ भाग काळ्या कागदाच्या भोकाने झाका. तीनदा करा. तिन्ही सरासऱ्या दोन अंशांत बसल्या नाहीत तर मांडणीत काहीतरी हलतं आहे.

इशारा: उलटी दिशा. ॲनालायझर चुकीच्या बाजूने फिरवला तरी १० अंशांऐवजी १७० अंशांवर अंधार मिळतोच. ५४६ ला पहिल्याचे होतात ३० नॅनोमीटर, दुसऱ्याचे ५१६. पांढऱ्या प्रकाशात प्लेटशिवाय बघा. तो बिंदू गडद करडा असेल तर ५१६ असणं शक्यच नाही.

पट्टे दिसणाऱ्या प्लास्टिकसाठी, टार्डी पद्धत. टप्पा ४ प्रमाणे आयसोक्लिनिक बिंदूवर आणा, पोलरायझर आणि ॲनालायझर त्याच कोनात पक्के करा, मग त्यांच्याशी ४५ अंशात दोन्ही क्वार्टर-वेव्ह प्लेट लावा. आता ॲनालायझर एकटा फिरवा. पट्टे सरकतील. शेजारचा लहान क्रमांकाचा पट्टा बिंदूवर आला तर एकूण = तो क्रमांक + अंश ÷ १८०. मोठ्या क्रमांकाचा आला तर एकूण = तो क्रमांक − अंश ÷ १८०. दोन्ही बाजूंनी करून बघा, उत्तरं जुळली पाहिजेत. पहिली पायरी गाळून कुठल्याही कोनात प्लेट लावणं ही या पद्धतीतली सगळ्यात जास्त होणारी चूक. तेव्हाही पट्टे सरकतात, त्यामुळे चूक झाल्याचं कळतसुद्धा नाही.

## टप्पा ७: ओढ की दाब

काळोखात दिसणारा उजळ भाग ओढीचा आहे की दाबाचा, हे नुसत्या पोलारिस्कोपमध्ये कळत नाही. त्यासाठी फुल-वेव्ह प्लेट (एका पूर्ण तरंगलांबीचं रिटार्डेशन देणारी), म्हणजे टिंट प्लेट, ४५ अंशात लावा. सगळं क्षेत्र जांभळट लाल होतं. त्या पार्श्वभूमीवर रिटार्डेशनमध्ये भर पडली तर निळसर छटा येते आणि वजाबाकी झाली तर पिवळट-नारिंगी. काळ्यावर न दिसणारा अगदी थोडा ताणही इथे डोळ्यात भरतो.

निळा म्हणजे ओढ की दाब हे तोंडपाठ करू नका. ते प्लेटच्या दिशेवर, नमुन्याच्या दिशेवर आणि स्थिरांकाच्या चिन्हावर अवलंबून असतं. त्याच पदार्थाची पातळ पट्टी घ्या, तपासायच्या कडेला समांतर धरा आणि किंचित वाकवा. फुगलेल्या बाजूला ओढ, खोलगट बाजूला दाब. कोणता रंग कुठे आला ते लिहा आणि मग नमुन्याकडे वळा. पट्टी त्याच पदार्थाची हवी, कारण काचेवर ठरवलेली खूण ॲक्रिलिकला लावली तर उत्तर नेमकं उलटं येतं.

## टप्पा ८: स्थिरांक स्वतः काढा

काचेचा स्थिरांक रचनेवर ठरतो आणि छापील किंमत बहुतेक कामांना पुरते. प्लास्टिकच्या बाबतीत तसं नाही. प्रत पालटली, घोळ पालटला, तापमान पालटलं की किंमत सरकते. म्हणून मोजणीच्याच पत्र्यातून एक गोल चकती कापा आणि व्यासाच्या दोन टोकांवर दाबा. यातून मिळतो पट्टा-स्थिरांक, म्हणजे १ मिलिमीटर जाडीत एक पट्टा उमटायला लागणारा ताणांचा फरक. चकतीच्या केंद्रावर:

पट्टा-स्थिरांक = ८ × भार ÷ (३.१४१६ × व्यास × केंद्रावरचे पट्टे)

या सूत्रात जाडी नाही, म्हणून जाडी मोजण्यातली चूक इथे शिरत नाही. ६० मिलिमीटर व्यासाच्या पॉलिकार्बोनेट चकतीवर ५०० न्यूटन भार दिला आणि केंद्रावर बरोबर ३ पट्टे आले, तर पट्टा-स्थिरांक येतो ७.०७ न्यूटन प्रति मिलिमीटर. पॉलिकार्बोनेटला ७ च्या आसपासचाच आकडा अपेक्षित असतो.

एकाच भारावर थांबू नका. चार-पाच भारांवर, चढताना आणि उतरताना वाचनं घ्या, आलेख काढा आणि त्याचा उतार वापरा. रेषा शून्यातून जात नसेल तर चकतीत आधीपासून थोडा ताण आहे. उतारावर त्याचा परिणाम होत नाही, एकट्या वाचनावर होतो. प्लास्टिक भाराखाली सावकाश सरकत राहतं, म्हणून प्रत्येक भारानंतर वाचनापर्यंत सारखाच वेळ जाऊ द्या. आणि पट्ट्यांची नक्षी डावी-उजवी सारखी दिसते ना, ते बघा. तिरपी असेल तर भार व्यासावरून जात नाही. डोळ्याला गॉगल हवाच.

## टप्पा ९: हिशेब

पट्टे मोजले असतील तर: ताणांचा फरक = पट्टे × पट्टा-स्थिरांक ÷ जाडी. वरच्या पॉलिकार्बोनेटमध्ये ५ मिलिमीटर जाडीला २.४ पट्टे म्हणजे सुमारे ३.४ मेगापास्कल.

नॅनोमीटर मोजले असतील तर: ताणांचा फरक = रिटार्डेशन ÷ (स्थिरांक × जाडी). सोडा-लाइम काच, प्रकाशाची वाट १० मिलिमीटर, ५४६ नॅनोमीटरला ॲनालायझर २४ अंश फिरला. रिटार्डेशन ७२.८ नॅनोमीटर, भागिले २६, म्हणजे २.८ मेगापास्कल. बिंदू मोकळ्या कडेवर असेल तर हा ताण, नसेल तर हा फक्त फरक. अहवालात कोणतं ते स्पष्ट लिहा.

कारखान्यांत बरेचदा ‘नॅनोमीटर प्रति सेंटिमीटर’ असं लिहितात. १० नॅनोमीटर प्रति सेंटिमीटर म्हणजे १ नॅनोमीटर प्रति मिलिमीटर, सोडा-लाइममध्ये सुमारे ०.३८ मेगापास्कल. सेंटिमीटर-मिलिमीटरच्या या अदलाबदलीत दहापट चूक सहज होते, म्हणून दोन्ही एककांत लिहून बघा.

## जिथे ही पद्धत सरळ फसवते

टफन्ड काच, म्हणजे तापवून झटकन थंड केलेली मजबूत काच. पृष्ठभागावर दाब, मध्ये ओढ. पूर्ण टफन्ड काचेसाठी अमेरिकी मानकात पृष्ठभागावर किमान ६९ मेगापास्कल दाब मागितला आहे. पण ती काच समोरून पोलारिस्कोपमध्ये धरली तर मधला भाग जवळजवळ काळा! दोन्ही दिशांना दाब सारखा असल्यामुळे फरक शून्य, आणि जाडीभर दाब-ओढीची बेरीजही शून्य. दिसतात ते ठिपके किंवा पट्टे म्हणजे थंड करताना हवेचे झोत सगळीकडे सारखे न लागल्याची खूण. त्यावरून ‘ही काच टफन्ड आहे’ असा अंदाज बांधता येतो, ‘किती टफन्ड आहे’ हे सांगता येत नाही. ठिपके ठळक म्हणून काच जास्त मजबूत, हे तर साफ खोटं.

पृष्ठभागाचा दाब मोजायला प्रकाश पृष्ठभागाला जवळजवळ घासून नेणारं उपकरण किंवा विखुरलेल्या लेसर प्रकाशावर चालणारं उपकरण लागतं. पहिल्या प्रकारची उपकरणं फ्लोट काचेच्या (वितळलेल्या टिनवर तरंगत बनवलेल्या) टिन लागलेल्या बाजूवरच चालतात. ती बाजू आखूड लहरींच्या अतिनील दिव्याखाली दुधी चमकते. दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका. आणि टफन्ड काच कापून ‘आडवा छेद’ बघायचा विचारही नको, ती हातातच फुटेल. कडेचा ताण मात्र साध्या मांडणीतही मोजता येतो. अडचण एवढीच की कड घासून गोल केलेली असते आणि शेवटचा थोडा भाग दिसत नाही. आतल्या बाजूची तीन-चार वाचनं घेऊन आलेखावरून कडेपर्यंत न्यावी लागतात.

साच्यातलं प्लास्टिक. इंजेक्शनने भरलेल्या भागात दिसणाऱ्या पट्ट्यांमध्ये ताण किती आणि साचा भरताना ओढल्या गेलेल्या रेणूंची रांग किती, हे चित्रावरून कळत नाही. दोन्ही द्विअपवर्तन करतात, म्हणजे प्रकाशाचे दोन घटक वेगवेगळ्या वेगाने नेतात, आणि वरच्या सूत्रात फक्त ताण धरलेला आहे. भाग बारीक करवतीने, न तापवता कापा. ताणाचे पट्टे कापल्यावर सैलावतात किंवा जागा बदलतात, रेणूंच्या रांगेचे जवळपास तसेच राहतात. कापल्यावरही चित्र तेच असेल तर मेगापास्कलमध्ये आकडा लिहू नका. रिटार्डेशन नॅनोमीटरमध्ये लिहा, मोजलेली जागा गेटपासून (साच्यात प्लास्टिक शिरतं त्या तोंडापासून) किती अंतरावर आहे ते लिहा आणि पुढचे भाग त्याच जागी, त्याच दिशेने तपासा.